एकटेपणावरची पहिली कविता: कच्च्या मजकुरापासून वाचकापर्यंत

एकटेपणावर कविता लिहायला बसलेल्या नवख्या माणसाकडे भावनेची कमतरता सहसा नसते. कमतरता असते ती त्या भावनेला उभे राहण्यासाठी लागणाऱ्या तपशिलांची. त्यामुळे अशा कविता मनापासून लिहिलेल्या असूनही एकमेकींसारख्या दिसू लागतात. रात्र असते, पाऊस असतो, डोळ्यांत पाणी असते आणि शेवटच्या कडव्यात कोणीतरी हात पुढे करते. पुढे जे टप्पे दिले आहेत ते कच्च्या मजकुरापासून कविता दुसऱ्याच्या हाती देईपर्यंतचे आहेत, आणि एक छोटी कविता त्या टप्प्यांतून कशी घडत जाते हेही सोबत दाखवले आहे. या सगळ्यामागे माझा आग्रह एवढाच आहे की अशा कवितेतले दुःख नेमके असावे आणि आधार लहान असावा. यातला दुसरा भाग अधिक अवघड आहे, म्हणून त्यावर अधिक वेळ घालवणार आहे.

पहिला टप्पा: आधी कविता लिहूच नका

मनात साचलेले सगळे थेट ओळींत उतरवण्याचा प्रयत्न केला की यमक जुळवण्याच्या नादात खरी गोष्ट बाजूला पडते. म्हणून सुरुवात साध्या गद्याने करावी. घड्याळात पंधरा मिनिटे लावावीत, शुद्धलेखनाची किंवा सौंदर्याची पर्वा न करता काय घडले आणि त्याने काय वाटले हे दोन्ही लिहावे, आणि वेळ संपली की थांबावे. सलग तीन-चार दिवस असे केल्यास पुढच्या कामाला पुरेल इतका मजकूर जमतो.

ही पद्धत माझी नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या क्लेशदायक अनुभवाविषयी लिहायला सांगितले होते. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहून झाल्यावर लगेच अधिक उदास वाटले. मात्र पुढील काही महिन्यांत आरोग्य केंद्रातल्या त्यांच्या फेऱ्या इतरांच्या तुलनेत कमी झाल्या. नवख्या कवीने यातून घ्यायची गोष्ट व्यावहारिक आहे. लिहून उठल्यावर मन जड झाले म्हणून काही बिघडले असे समजू नये, आणि त्याच अवस्थेत तो मजकूर कोणाला पाठवूही नये. एखादा दिवस मध्ये जाऊ द्यावा. लिहिल्याने मन मोकळे होण्याऐवजी दरवेळी तोच विचार अधिक खोल रुतत असेल, तर लिहिणे थांबवून कोणाशी तरी बोलावे. कविता नंतरही लिहिता येते.

दुसरा टप्पा: एकटेपण कोणते, ते ठरवा

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले. एकात जिव्हाळ्याचे एखादे माणूस नसते. दुसऱ्यात आपल्याला सामावून घेणारा गोतावळा नसतो. पहिल्या प्रकारात मित्रांनी घर भरले तरी पोकळी भरत नाही, आणि दुसऱ्यात जोडीदाराचे कितीही प्रेम असले तरी नव्या गावी रविवार खायला उठतो. कवितेच्या दृष्टीने हा भेद फार उपयोगी आहे, कारण दोन्ही प्रकारांतली दृश्ये वेगळी असतात आणि दिलासाही वेगळ्या माणसाकडून येतो.

याखेरीज आणखीही छटा आहेत. आजारी माणसाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्याला घरात दोघे असूनही एकटे वाटते. सगळ्यांशी हसून बोलणाऱ्याला आपल्याला कोणी ओळखतच नाही असे वाटते. कच्चा मजकूर वाचून त्यातली एकच छटा निवडावी. निवड झाली आहे की नाही हे तपासण्यासाठी एक वाक्य पूर्ण करून पाहावे: ‘मला अमुक व्यक्तीची किंवा गोष्टीची उणीव दिवसाच्या अमुक वेळी, अमुक करताना जाणवते.’ हे वाक्य पूर्ण करता आले नाही तर कविता अजून तयार नाही. आपल्या उदाहरणासाठी असे वाक्य घेऊ: ‘संध्याकाळी घरी परतल्यावर दार उघडायला कोणी नसते, तेव्हा मला तिची उणीव जाणवते.’

तिसरा टप्पा: भावनेचे नाव खोडा

वरच्या वाक्यावरून पहिल्या प्रयत्नात बहुधा असे काही लिहिले जाते:

एकाकी हे जीवन माझे, सोबत नाही कुणाची,
काळोखाच्या वाटेवरती साथ हवी रे मनाची…

या ओळी खोट्या नाहीत, पण त्या कोणाच्याही असू शकतात. संध्याकाळ गेली, दार गेले, ती गेली. उरले फक्त भावनेचे नाव. रस (कवितेतून वाचकाला येणारा भावनेचा आस्वाद), स्थायी भाव (त्यामागची टिकून राहणारी मूळ भावना) किंवा व्यभिचारी भाव (तिच्यासोबत येणारे-जाणारे क्षणिक भाव) यांचा त्यांच्याच नावाने उच्चार करणे हा रसदोष आहे, असे संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकातल्या काव्यप्रकाश या ग्रंथात सांगितले आहे. त्याच्या कितीतरी आधी भरताच्या नाट्यशास्त्रात विभाव (भावना जागी करणारी कारणे), अनुभाव (ती बाहेर दिसणारी चिन्हे) आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगाने रसनिष्पत्ती होते असे म्हटले आहे. शास्त्रीय परिभाषा बाजूला ठेवली तरी त्यातला सल्ला कामाचा आहे: ज्याच्यामुळे भावना जागी झाली ते दाखवा, ती शरीरातून आणि कृतीतून कशी बाहेर आली ते दाखवा, आणि नाव घेण्याचे काम वाचकावर सोडा.

प्रत्यक्षात हे करण्यासाठी कच्च्या मजकुरातून वस्तूंची यादी काढावी. चप्पल, खुंटी, बेल, किल्ली, दिव्याचे बटण, खुर्चीवर टाकलेली शाल, असे जे जे सापडेल ते लिहावे. मग ज्या वस्तूशी हाताची एखादी हालचाल जोडलेली आहे ती निवडावी. नुसत्या पडून असलेल्या वस्तूपेक्षा हाताळली जाणारी वस्तू कवितेला पुढे नेते, कारण हालचाल म्हटली की आधी आणि नंतर आपोआप येते. आपल्या उदाहरणात बेल आणि किल्ली आहेत. त्यांतून पहिले कडवे असे होते:

बेलकडे बोट जातं अजून,
मग आठवतं, किल्ली खिशात आहे.
कुलूप उघडल्याचा आवाज
घरातला आजचा पहिला.
घर किती रिकामं आहे,
आणि मीही.

शेवटच्या दोन ओळींचे काय करायचे ते पुढे पाहू. तूर्त लक्षात घ्यायचे ते हे की ‘ती आता नाही’ असे कोठेही लिहिलेले नाही, तरी बेलकडे जाणाऱ्या बोटामुळे पूर्वी दार उघडणारे कोणीतरी होते हे वाचकाला कळते.

या टप्प्यावर झिजलेल्या प्रतिमांबद्दलही बोलले पाहिजे. वाळवंट, तुटलेले पंख, विझलेली मेणबत्ती, किनारा हरवलेली नाव यांवर बंदी नाही. मात्र त्यांपैकी एखादी वापरायची असेल तर ती आपण स्वतः पाहिलेली असावी आणि इतरांनी न टिपलेले काहीतरी तिच्यात असावे. पाऊस आणायचाच असेल तर तो कोणत्या पत्र्यावर पडत होता, हे आपल्याला ठाऊक हवे.

चौथा टप्पा: कोण बोलते आणि कोणाशी

मराठीत ‘आलो’ आणि ‘आले’ यांतूनच बोलणाऱ्याचे लिंग उघड होते, त्यामुळे हा निर्णय टाळता येत नाही. ‘मी’ वापरला म्हणजे आत्मचरित्रच लिहिले पाहिजे असे नाही. अनुभव फार ताजा असेल तर तो ‘ती’ किंवा ‘तो’ यांच्यावर सोपवून पाहावा. अनेकदा तेवढ्या अंतराने लिहिणाऱ्याला धीटपणा येतो आणि आत्मकरुणा कमी होते.

कविता कोणाला उद्देशून आहे हेही ठरवावे. गेलेल्या माणसाला, स्वतःला, देवाला, की अशाच अवस्थेतल्या एखाद्या अनोळखी माणसाला? संतांच्या अभंगांत दुःखाची कितीही टोकाची तक्रार असली तरी समोर ऐकणारा कोणीतरी गृहीत धरलेला असतो, आणि भांडण का होईना, संवाद सुरू असतो. हे संबोधनच अर्धा आधार असते. मात्र एकाच कवितेत पहिल्या कडव्यात ‘तू’ म्हणजे प्रेयसी, दुसऱ्यात आई आणि तिसऱ्यात नियती असे होऊ देऊ नये. वाचक गोंधळतो आणि हळूहळू अलिप्त होतो.

पाचवा टप्पा: आधार लहान ठेवा

दुःखाच्या कडव्यापर्यंत नीट आलेली कविता सर्वांत जास्त वेळा या ठिकाणी कोसळते. आपल्या उदाहरणाला जोडलेले एक नेहमीचे शेवटचे कडवे पाहा:

पण तेवढ्यात आलास तू, हात माझा धरलास,
अंधाऱ्या या आयुष्यात सूर्य होऊन उगवलास!

दोन ओळींत सगळे आयुष्य उजळले. लिहिणाऱ्याची कृतज्ञता खरी असेलही, पण वाचणाऱ्याच्या आयुष्यात असा सूर्य आलेला नसतो. कविता संपते तेव्हा तो आधी होता त्याहून थोडा अधिक एकटा होतो. शिवाय ज्या माणसाने आधार दिला त्याच्यावरही यात अन्याय आहे. त्याने प्रत्यक्षात काय केले, हे कोठेच आलेले नाही.

म्हणून स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. त्या माणसाने नेमके काय केले किंवा म्हटले? त्यासाठी त्याला काय बाजूला ठेवावे लागले? आणि त्यानंतर आपल्या वागण्यात कोणता छोटा फरक पडला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा फार साधे असते: कोणीतरी डबा आणून दिला, कोणीतरी रुग्णालयात शेजारच्या बाकावर काही न बोलता बसून राहिले, कोणीतरी बँकेतला अर्ज भरून दिला, कोणीतरी रोज ठरावीक वेळी फोन केला आणि क्रिकेटबद्दलच बोलले. खरे आधार देणारे लोक आधाराबद्दल क्वचितच बोलतात. ‘मी आहे ना’ हे वाक्य जीवनात मोलाचे असले तरी कवितेत ते आधी कमवावे लागते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. दिलासा मिळाला हे सांगण्याऐवजी दिलाशानंतरची एक कृती दाखवावी, आणि ती कृती सुरुवातीच्या वस्तूच्या जवळपासची असली तर कविता आपोआप बांधली जाते. दारापासून सुरू झालेल्या आपल्या कवितेत आधारही दारापाशीच येऊ शकतो:

समोरच्या दारामागून कुणीतरी विचारतं,
“आलात का?”
“हो, आलो.”
दार त्यांचं बंदच होतं.
माझंही झालं.
कडी मात्र आज जरा उशिरा लावली.

शेजाऱ्याने दार उघडलेले नाही, आत बोलावलेले नाही, सांत्वनही केलेले नाही. कोणीतरी आपल्या पावलांचा आवाज ओळखतो आणि आपल्या येण्याची नोंद ठेवतो, एवढाच हा आधार आहे. ‘आलात का?’ यात आदराचे अंतर आहे. तेथे ‘आलास का रे?’ असते तर नाते बदलले असते आणि बंद दार खटकले असते. एकटेपण संपलेले नाही, पण ते आज किंचित हलले आहे. माझ्या मते कवितेने यापेक्षा मोठे आश्वासन देऊ नये.

आधार अपुरा पडला किंवा चुकीचा ठरला, हेही लिहिण्यासारखे असते. ‘वेळ हेच औषध’, ‘तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेत लोक आहेत’, ‘सकारात्मक विचार कर’ ही वाक्ये चांगल्या हेतूने उच्चारली जातात आणि ऐकणाऱ्याला एकटे पाडतात. अशा प्रसंगावर लिहिताना उपहासाचा मोह होतो. तो आवरून, बोलणाऱ्याची अवघडलेली अवस्थाही एखाद्या ओळीत आली तर कविता तक्रारीच्या पुढे जाते.

उलट बाजूने, म्हणजे आधार देणाऱ्याच्या भूमिकेतून लिहायचे असेल, तर आपण कवितेचे नायक होत नाही ना हे तपासावे. ‘मी तुला सावरले’ असे लिहिण्यापेक्षा सावरताना आपल्याला काय सुचले नाही, आपण कोणत्या वेळी घड्याळाकडे पाहिले, हे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते.

सहावा टप्पा: छंद

पहिल्या कवितेसाठी मुक्तछंद पुरेसा आहे, पण मुक्तछंद म्हणजे तोडलेले गद्य नव्हे. ओळ कोठे तुटते याला कारण हवे. वरच्या कवितेत ‘माझंही झालं’ ही ओळ एकटी ठेवल्यामुळे वाचताना तेथे क्षणभर थांबावे लागते. ती आधीच्या ओळीला जोडली तर तो थांबा जातो.

बांधलेल्या रचनेची ओढ असेल तर अभंगापासून सुरुवात करावी. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण असतात आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक असते. लघुगुरूचा, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांच्या क्रमाचा, हिशेब नसल्यामुळे नवख्याला हा छंद झेपतो. आपलीच सुरुवात अभंगात अशी होईल:

बेलकडे बोट । अजुनी वळते ।
किल्ली आढळते । खिशामध्ये ॥

चौथ्या चरणात अक्षरे कमी असल्याने आवाज अचानक खाली उतरतो, आणि न सांगता राहिलेल्या गोष्टीला तेथे जागा मिळते. एकटेपणाला हा उतार फार मानवतो. गझलेची घाई मात्र करू नये, असे मी सुचवीन. तिच्यात वृत्त, काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारे शब्द) सांभाळावे लागतात, शिवाय प्रत्येक शेर, म्हणजे दोन ओळींची जोडी, स्वतंत्र अर्थाचा असावा लागतो. एका दारापाशी घडलेला एकच प्रसंग सांगायचा असेल तर ती सोयीची नाही. अगदी कमी शब्दांत राहायचे असल्यास कवयित्री शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला हायकू हा तीन ओळींचा जपानी काव्यप्रकार आहे.

यमकाबद्दल एक इशारा द्यायला हवा: साथ, हात, रात या त्रिकुटापासून सावध राहावे. या विषयावरच्या किती कविता केवळ या तीन शब्दांच्या जुळण्याने आकाराला येतात, याची गणती करण्याचे धाडस कोणी करू नये.

सातवा टप्पा: पुनर्लेखन

कविता दोन-तीन दिवस झाकून ठेवावी आणि मग मोठ्याने वाचावी. जीभ जेथे अडखळते तेथे खूण करावी. त्यानंतर पहिली आणि शेवटची ओळ बोटाने झाकून पाहावी. नवख्यांच्या कवितेत पहिली ओळ बहुधा प्रस्तावना असते आणि शेवटची स्पष्टीकरण. आपल्या उदाहरणातल्या पहिल्या कडव्याच्या शेवटी ‘घर किती रिकामं आहे, आणि मीही’ अशा दोन ओळी आहेत. कुलपाचा आवाज हा घरातला दिवसाचा पहिला आवाज असेल तर घर रिकामे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही, म्हणून त्या काढायच्या. दुसऱ्या कडव्यानंतर ‘आज एकटं वाटलं नाही’ असे जोडण्याचा मोहही होईल. कडी उशिरा लावण्यातून तेच कळते आणि तेवढेच कळणे बरे आहे.

उद्गारचिन्हे आणि टिंबांच्या रांगाही याच वेळी काढाव्यात. शीर्षक सर्वांत शेवटी द्यावे आणि त्यात विषयाचे नाव नसावे. येथे ‘किल्ली’ किंवा ‘आलात का’ चालेल. ‘एकाकी मन’ चालणार नाही.

आठवा टप्पा: वाचायला देणे, आणि इतरांचे वाचणे

कवितेत ओळखता येण्याजोगे कोणी असेल तर आधी त्या व्यक्तीला विचारावे, किंवा तपशील बदलावेत. दुसऱ्याचे आजारपण, घटस्फोट किंवा कर्ज हे आपल्या कवितेचे कच्चे साहित्य आहे असे परस्पर ठरवू नये.

पहिला वाचक एकच असावा, आणि त्याच्याकडून काय हवे ते त्याला आधीच सांगावे. ‘कविता म्हणून कशी आहे ते सांग’ आणि ‘मला काय होते आहे ते ऐक’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिली हवी असताना दुसरी मिळाली तर अवघडल्यासारखे होते. दुसरी हवी असताना कोणी यमकाची चूक काढली तर फार लागते. सर्वांसाठी प्रसिद्ध करायची असल्यास रात्री उशिरा, मन भरून आलेले असताना करू नये. सकाळी पुन्हा वाचून मग निर्णय घ्यावा.

इतरांच्या अशा कविता वाचताना ‘छान’, ‘सुंदर’ एवढ्यावर भागवू नये. एखादी विशिष्ट ओळ उचलून ती का थांबवते हे सांगितले तर लिहिणाऱ्याला आपण ऐकले गेलो असे वाटते. सल्ला मागितला नसेल तर देऊ नये, आणि लगेच आपल्या दुःखाची कविता उत्तरादाखल सादर करू नये. मजकुरात जगणे नकोसे झाल्याचा, निरोपाचा किंवा आपण सगळ्यांवर ओझे झाल्याचा सूर असेल, तर काव्यगुणांची चर्चा बाजूला ठेवून त्या व्यक्तीशी खासगीत थेट बोलावे. ‘हे कवितेपुरते आहे की तुला खरेच मरून जावेसे वाटते आहे?’ असे स्पष्ट विचारायला घाबरू नये. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर होकारार्थी किंवा संदिग्ध असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, तिच्या जवळच्या माणसांना कळवावे आणि मानसिक आरोग्य मदतवाहिनीशी किंवा डॉक्टरांशी संपर्क करून द्यावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करावा, आणि त्या फोनमध्ये कवितेचा विषय तिने काढला तरच काढावा.